फोर्थ नावाच्या भाषेची कुळकथा

संगणकाला हुकूम देण्याच्या भाषा बहुधा विद्वानांच्या समित्यांत किंवा मोठ्या कंपन्यांच्या दफ्तरांत जन्मास येतात. फोर्थ मात्र चार्ल्स मूर या एकट्या गृहस्थाबरोबर एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत हिंडत हिंडत वाढली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मूर अमेरिकेतील स्मिथ्सोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत उपग्रहांच्या कक्षांचे गणित करीत असत, त्या वेळी त्यांच्या प्रोग्रॅमची पंचकार्डे दोन ट्रे भरतील एवढी झाली होती, आणि त्यातले एखादे समीकरण बदलावयाचे तर तो सारा डोलारा पुन्हा कंपाइल करून घ्यावा लागे. हा खोळंबा टळावा म्हणून त्यांनी एक लहानसा दुभाषा लिहिला, जो कार्ड वाची, त्यावरचा शब्द ओळखी आणि त्या शब्दाला नेमून दिलेले काम तत्काळ उरकी. फोर्थचे बीज ते हेच.

या दुभाष्याला पुढे स्टॅकची जोड मिळाली. भाकऱ्यांच्या चवडीतून शेवटी ठेवलेली भाकरी प्रथम उचलावी, तद्वत संख्या एकीवर एक ठेवायच्या आणि क्रिया मागाहून सांगायची: ३ ४ + ५ * असे लिहिले की ३५ हाती येतात. यात कंस नाहीत, कोणती क्रिया आधी करावी याचे नियम नाहीत, मधल्या उत्तरांना नावे देण्याचा खटाटोप नाही. रिकाम्या जागेपर्यंतच्या अक्षरांना शब्द मानावे, तो कोशात शोधावा, सापडला तर चालवावा, न सापडला तर ती संख्या आहे का पाहावे, आणि तीही नसेल तर तक्रार करावी, एवढ्यावर या भाषेचे व्याकरण आटोपते. काम संपल्यावर परत कोठे जावयाचे, ते पत्ते मात्र दुसऱ्या, स्वतंत्र स्टॅकवर ठेवलेले असतात, म्हणजे हिशेबाच्या संख्यांत त्यांची सरमिसळ होत नाही.

१९६८ च्या सुमारास मूर न्यूयॉर्क राज्यातील मोहास्को या गालिचे बनविणाऱ्या कंपनीत होते. आपली भाषा चौथ्या पिढीच्या संगणकांना साजेशी आहे अशी त्यांची धारणा होती. पण तेथील आयबीएम ११३० यंत्रावर नाव पाच अक्षरांहून लांब चालत नसे, तेव्हा इंग्रजी ‘फोर्थ’मधले एक अक्षर गळाले ते कायमचेच. १९७१ मध्ये अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेची ११ मीटरची दुर्बीण याच भाषेच्या स्वाधीन झाली, आणि तेथेच एलिझाबेथ रॅदर यांनी तिची धुरा उचलली.

काटकसरीची खरी करामत कोशात दिसते. नवा शब्द म्हणजे बहुधा जुन्या शब्दांच्या पत्त्यांची यादी. सोळा बिटांच्या यंत्रावर प्रत्येक पत्त्यास दोन बाइट पुरतात, आणि एकदा घडविलेला शब्द मूळच्या शब्दांच्याच पंक्तीस बसतो. नावापैकी मात्र आरंभीच्या फोर्थमध्ये अक्षरांची एकूण संख्या आणि पहिली तीन अक्षरे एवढेच जतन केले जाई, त्यामुळे सारख्या लांबीचे व सारख्या आरंभाचे दोन शब्द यंत्राला एकच वाटत. ही काटकसर नव्हे, कृपणता होती, असे माझे मत आहे. पुढच्या फिग-फोर्थने नावाला ३१ अक्षरांपर्यंत मुभा दिली, हे उचितच झाले.

१९७६ मध्ये आरसीएच्या १८०२ या चिमुकल्या प्रोसेसरसाठी मायक्रोफोर्थ तयार झाली. जुन्या यंत्रांच्या दारिद्र्यातून उपजलेले गुण, ते दारिद्र्य वारशाने घेऊन आलेल्या नव्या चिपांना आयतेच उपयोगी पडले. दुभाषा, कोश आणि कंपायलर असा सारा संसार मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच मावत असल्याने, सीरियल तारेवरून एक शब्द पाठविला की दिवा लागतो, दुसरा पाठविला की विझतो. दर खेपेस प्रोग्रॅम नव्याने चढविण्याची दगदग उरत नाही. २०१४ साली धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानातील आरटीएक्स २०१० हे प्रोसेसरही स्टॅकच्याच वळणाचे, फोर्थ डोळ्यांपुढे ठेवून घडविलेले होते.

या मितव्ययाची किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागते, कारण कोणत्या क्षणी स्टॅकवर काय आहे हे कोडमध्ये कोठेच नमूद नसते. म्हणून प्रत्येक शब्दाच्या व्याख्येपाशी तो किती संख्या घेतो आणि किती मागे ठेवतो याची कंसात टीप लिहिण्याचा प्रघात पडला. या भाषेत कंसाला एवढेच काम उरले आहे, आणि कंपायलर त्यातला मजकूर न वाचताच पुढे सरकतो.