तडजोडीतला तिसरा

ऑक्टोबर १९६८ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अमेरिकेच्या बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांचे ते वर्ष. बंदुकांची नोंदणी व मालकांना परवाने या जॉन्सन यांच्या मागण्या काँग्रेसने मान्य केल्या नव्हत्या; ती खंत त्यांनी सही करतानाच बोलून दाखवली. बंदूक कोणाला मिळू नये, याची यादी मात्र मंजूर झाली. तीत गुन्हेगारांच्या पंगतीला मनोरुग्णही बसले: न्यायनिर्णयाने 'मेंटल डिफेक्टिव्ह' ठरलेला, किंवा मनोरुग्णालयात सक्तीने पाठवलेला. मराठीत ज्याला 'सदोष मनाचा' म्हणावे लागेल, तो शब्दप्रयोग त्या कायद्यात आजही आहे. बंदुकीविषयी एकमत होत नसेल, तर ती हाती धरणाऱ्या माणसाविषयी करावे, ही रीत तेथून पुढे रुळत गेली, असे आम्हांस वाटते.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. मारेकरी इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी होता. २००५ मध्येच कवयित्री निक्की जिओव्हानी यांनी त्याला आपल्या काव्यलेखनाच्या वर्गातून दूर करावयास लावले होते आणि विभागप्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी त्याला एकट्याला शिकवण्याची जबाबदारी पत्करली होती. त्याच्या लेखनाविषयीची काळजी रॉय यांनी संबंधितांना कळवलीही होती. त्यात उघड धमकी नव्हती. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे येथे अडखळतो. काळोखी कथा लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी संशयित मानला, तर साहित्याचा वर्गच मोडीत निघेल. आणि काहीच वाचता आले नाही, तर आमचे वाचन कशासाठी?

कायदाही असाच एका शब्दापाशी अडखळला होता. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधिकाऱ्याने त्या विद्यार्थ्याला स्वतःच्या जिवास धोका ठरवून बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा आदेश दिला होता. व्हर्जिनिया राज्य मात्र केवळ आंतररुग्णांचीच नावे केंद्रीय तपासणी यंत्रणेला कळवत असे. त्यामुळे २००७ च्या आरंभी त्याला दोन पिस्तुले रीतसर विकत मिळाली.

जानेवारी २००८ मध्ये अध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्याने ही फट बुजवण्याचा प्रयत्न केला. नॅशनल रायफल असोसिएशन आणि बंदूक नियंत्रणवादी ब्रॅडी कॅम्पेन या दोन्ही संघटनांचा त्याला पाठिंबा होता. एका बाजूस हवी असलेली रुग्णांची नोंद राज्यांनी पाठवावी, त्यासाठी अनुदान घ्यावे. आणि दुसऱ्या बाजूच्या आग्रहानुसार, नोंद झालेल्यांना बंदुकीचा हक्क परत मिळवण्याची वाटही ठेवावी. दोन्ही अटींत मनोरुग्ण होता तो बंदुकीचा संभाव्य धनी म्हणून. उपचारांची गरज असलेला माणूस म्हणून तो त्या देवघेवीत फारसा दिसत नाही.

२०२२ च्या तडजोडीचे वेगळेपण येथे आहे. मे महिन्यात टेक्सासमधील युवाल्डीच्या शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर रिपब्लिकन जॉन कॉर्निन आणि डेमोक्रॅट ख्रिस मर्फी यांच्या पुढाकाराने झालेला कायदा सेनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ मतांनी संमत झाला. २५ जूनला अध्यक्ष बायडन यांनी सही केली. बायडन यांना हवी असलेली असॉल्ट रायफलींवरील बंदी त्यात नव्हती. एकवीस वर्षांखालील ग्राहकांची अधिक तपासणी होती, आणि शाळांतील समुपदेशन व सामुदायिक उपचारकेंद्रे यांसाठी मोठा निधीही होता. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे लक्षात घेता हा निधी गौण नव्हे.

परंतु मनोविकार असलेली बहुसंख्य माणसे कधीच हिंसक नसतात. संहाराच्या दुसऱ्या दिवशीच राजकारण्यांच्या तोंडी त्यांचे नाव येते, याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, 'मानसिक आरोग्य' हा शब्द दोन्ही पक्षांना परवडतो. एकाला त्यात बंदुकीवरून लक्ष हटवण्याची सोय, दुसऱ्याला निदान काही पदरात पाडून घेण्याची. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने शालेय मानसिक आरोग्यासाठीची सुमारे १ अब्ज डॉलरची अनुदाने थांबवण्याचा निर्णय घेतला. तपासणीची कलमे कायद्यातच राहिली. तडजोड दोघांत होते. तिची किंमत मात्र वाटाघाटीत ज्याला बसवलेच नव्हते, त्या तिसऱ्याकडून वसूल होते.