स्कूटरवाल्यांची बॉनव्हिल

स्कूटर चालवणाऱ्याने मोटारसायकलवर प्रेम करू नये, असा एक संकेत गेली साठ वर्षे रूढ आहे. त्याचे मूळ इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर सापडते. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन येथे आणि त्याच वर्षी मे महिन्यात मार्गेट व ब्रायटन येथे तरुणांच्या टोळ्यांत मारामाऱ्या झाल्या. एका बाजूला इटालियन स्कूटरवरून आलेले, नीटनेटक्या सुटांवर सैनिकी पार्का चढवलेले 'मॉड्स' होते. दुसऱ्या बाजूला ट्रायंफ, नॉर्टन, बीएसए यांवर स्वार झालेले, चामडी जाकिटांतले 'रॉकर्स' होते. वृत्तपत्रांनी या चकमकींना युद्धाचे रूप दिले. पुढे स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ साली आपल्या पुस्तकात या बातम्यांची चिकित्सा केली. प्रत्यक्ष नासधूस बातम्यांच्या मानाने किरकोळ होती, आणि या दोन गटांमधली सीमारेषा ठळक करण्यात बातम्यांचाच हात मोठा होता, असे त्याने दाखवून दिले. पण एकदा पडलेली नावे पुसली जात नाहीत. स्कूटर आणि ब्रिटिश मोटारसायकल यांचे वैर तेव्हापासून गृहीत धरले जाऊ लागले.

आमच्या मते हे वैर दोन यंत्रांचे कधीच नव्हते. पुढे स्कूटरवालेच जुन्या घाटाच्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या प्रेमात का पडले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

व्हेस्पा १९४६ साली पिआज्जिओ कंपनीने बाजारात आणली. तिचा जनक कोरादिनो द'आस्कानिओ विमानांचा अभियंता होता आणि त्याला मोटारसायकलचा मनस्वी तिटकारा होता. तेलाने माखणारी साखळी, पसरून बसण्याची सक्ती, पंक्चर काढण्याचा व्याप, हे सारे त्याने एकेक करून टाळले. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कारखान्यातून लँब्रेटा निघाली. म्हणजे स्कूटर जन्मतःच मोटारसायकलवरची टीका होती. युद्धाने थकलेल्या ब्रिटनमधल्या तरुणाला ती वडिलांच्या जगातून बाहेर पडण्याची वाट वाटली, यात नवल नाही. १९५१ पासून ब्रिस्टलच्या डग्लस कंपनीने परवान्याखाली व्हेस्पा बांधायला घेतली. ही डग्लस मुळात मोटारसायकलीच बनवणारी. पोटासाठी तिने प्रतिस्पर्ध्याचा धंदा पत्करला, असे म्हणता येईल.

बाकीच्या ब्रिटिश कारखानदारांना मात्र स्कूटर हे खेळणे वाटत होते. त्यांना जाग आली तेव्हा उशीर झाला होता, आणि या उशिराच्या गोष्टीतच आमच्या विषयाचे मर्म आहे. एडवर्ड टर्नर हे ट्रायंफच्या इतिहासातले सर्वांत मोठे नाव. त्याची १९३७ साली जाहीर झालेली 'स्पीड ट्विन' ही शेजारी-शेजारी दोन उभे सिलिंडर असलेली गाडी. तिचा साचा पुढे अवघ्या ब्रिटिश मोटारसायकलीची ओळख होऊन बसला. १९५९ ची बॉनव्हिल त्याच साच्यातली, आणि रॉकर मंडळींची आराध्यदेवता तीच. याच टर्नरच्या हातून जवळपास त्याच सुमारास एक स्कूटरही उतरली. ट्रायंफच्या बिल्ल्याने ती 'टायग्रेस' म्हणून आणि बीएसएकडून 'सनबीम' म्हणून विकली गेली. एक १७५ सीसी टू-स्ट्रोक, दुसरी २५० सीसी फोर-स्ट्रोक, दोन सिलिंडरांची. दुसरी चांगली पळत असे. पण तिचे गिअर मोटारसायकलसारखे पायाने बदलायचे होते! हाताच्या मुठीत गिअर खेळवणाऱ्या, बुटांना जपणाऱ्या स्कूटरवाल्याला हे कसे रुचावे? शिवाय तोवर बाजार इटालियनांनी व्यापला होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर टायग्रेस बंद पडली.

बॉनव्हिल आणि टायग्रेस यांच्यामागे एकच माणूस उभा होता, हे ब्रायटनच्या किनाऱ्यावर हाणामारी करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? टर्नरने १९६० साली जपानचा दौरा करून तिथल्या कारखान्यांविषयी आपल्या सहकाऱ्यांना सावध केले होते. त्याचा उपयोग झाला नाही. १९६९ ची होंडा सीबी ७५० आली आणि सहा-सात वर्षांत बीएसए गेली, नॉर्टन ढासळली. ट्रायंफचा मेरिडेन कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने १९८३ पर्यंत कसाबसा ओढला.

मॉड आणि रॉकर यांच्यातला खरा वाद काळाविषयी होता. स्कूटर म्हणजे उद्या, मोटारसायकल म्हणजे काल. रॉकरच्या मांडीखालचे इंजिन युद्धपूर्व कल्पनेतून आलेले होते, तर मॉडची लँब्रेटा मिलानची ताजी फॅशन होती. पण उद्याही शिळा होतो. इनोचेंतीने १९७० च्या दशकाच्या आरंभी लँब्रेटाचे उत्पादन थांबवले आणि तिची यंत्रसामग्री भारत सरकारने लखनौच्या कारखान्यासाठी विकत घेतली. आधुनिकतेची ही पताका स्वतःच जुन्या बाजारात गेली, तेव्हा भांडणाला काही कारणच उरले नाही. १९७९ च्या 'क्वाड्रोफेनिया' चित्रपटात एक प्रसंग आहे. मॉड नायकाला सार्वजनिक स्नानगृहात आपला बालमित्र भेटतो. दोघेही उघडे असतात, तोवर मैत्री असते. कपडे चढल्यावर कळते की मित्र रॉकर आहे. पंधरा वर्षांनंतर मागे वळून पाहणाऱ्या त्या चित्रपटाला हे भांडण कपड्यांइतके वरवरचे असल्याचे उमगलेले दिसते.

जॉन ब्लूरने ट्रायंफचे नाव विकत घेऊन हिंकली येथे नवा कारखाना उभारला. २००१ साली नवी बॉनव्हिल रस्त्यावर आली, जुन्या घाटाची पण नव्या इंजिनाची. त्याच वर्षी लंडनच्या उत्तर वर्तुळमार्गावरील 'एस कॅफे' हा रॉकर्सचा जुना अड्डाही पुन्हा उघडला. या नव्या बॉनव्हिलकडे पन्नाशी-साठीला पोहोचलेल्या स्कूटरवाल्यांनी वळावे, हे आम्हाला अत्यंत स्वाभाविक वाटते. क्रोमचे आरसे घासण्यात ज्याची तरुणाई गेली, त्याला क्रोमचा सायलेन्सर परका कसा वाटेल? दोघांनाही एकाच दशकाची आठवण हवी आहे. यात लबाडीही आहे, ती झाकण्याचे कारण नाही. पुढे बॉनव्हिलला इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा बसवला गेला, तेव्हा त्या यंत्रणेला मुद्दाम जुन्या कार्ब्युरेटरचे रूप देण्यात आले. आम्हाला हे पाहून प्रथम हसू आले होते. आता तितकेसे येत नाही.

आपल्याकडे या कथेचे वळण निराळे आहे. आकुर्डीच्या बजाजने १९६० च्या दशकात व्हेस्पा बांधली आणि पिआज्जिओचा करार १९७१ साली संपल्यावर १९७२ पासून चेतक काढली. ही स्कूटर बंडाची निशाणी कधीच नव्हती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि घरी आल्यावर पुढे मूल उभे करून, मागे पत्नीला बसवून तिच्या मांडीवर दुसरे मूल ठेवून मंडईत जायचे. बुलेट मात्र फौजदाराची, लष्करातल्या जवानाची, गावच्या पाटलाची. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ साली बंद झाला, तरी इकडे बुलेट निघतच राहिली, आणि १९७७ पासून तर ती इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. म्हणून या आवडीला 'वसाहतीचा मोह' म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. मुलाने सोडून दिलेले घर ज्याने राखले, तोच त्याचा मालक ठरतो. चेतकवाल्याला बुलेटमध्ये इंग्लंड दिसत नव्हते. त्याला दिसत होती ती कुणाची वाट न पाहणारी, रस्त्यावर आवाजानेच जागा करून घेणारी माणसे.

आमच्या वडिलांची चेतक सकाळी एका कुशीवर कलवल्याखेरीज सुरू होत नसे. शेजारी एक पोलीस अधिकारी राहत. ते बुलेटच्या अँपिअर-मीटरचा काटा मध्यावर आणून, डिकॉम्प्रेसर दाबून, शांतपणे एक किक मारीत. वडील स्कूटर कलती धरूनच थांबत आणि ती पहिली धडधड ऐकून घेत. बुलेट घ्यावी असे त्यांनी कधी म्हटल्याचे आठवत नाही. घराच्या हिशेबात ती बसणारी नव्हती, आणि जे हिशेबात बसत नाही ते बोलायचे नाही, अशी त्या पिढीची रीत होती.

बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणे थांबवले. २०२० साली चेतक परतली ती विजेवर चालणारी, पण पत्र्याच्याच अंगाची. त्याच वर्षी बजाज आणि ट्रायंफ यांचा करार झाला आणि २०२३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून ३९८ सीसीची 'स्पीड ४००' बाहेर पडली. इंजिन एका सिलिंडरचे, नावातला पहिला शब्द टर्नरच्या १९३७ च्या गाडीचा. टर्नरला स्कूटर नीट साधली नाही. स्कूटरवर मोठ्या झालेल्या कंपनीकडे त्याच्या कंपनीची मोटारसायकल घडवण्याचे काम आले.

आमच्या एका स्नेह्याने निवृत्तीनंतर ही गाडी घेतली. त्यांची तीस वर्षे चेतकवर गेलेली. परवा त्यांच्या मागे बसून आम्ही विद्यापीठ चौकापर्यंत गेलो. सिग्नल लागला की त्यांचे डावे मनगट अजूनही आपोआप वळते, न्यूट्रल शोधायला.