बिल्डर लॉबी म्हणजे काय? सवलतीचा फायदा कोणाला?

घरांशी संबंधित कायदे, कर आणि परवानग्या आपल्या सोयीच्या व्हाव्यात म्हणून बिल्डर एकत्र येऊन मंत्री-आमदारांकडे पाठपुरावा करतात. यालाच लॉबिंग म्हणतात. क्रेडाई आणि नरेडको या त्यांच्या मोठ्या संघटना. निवेदने, बैठका आणि अर्थसंकल्पापूर्वीच्या मागण्या हे नेहमीचे मार्ग.

कोरोनाकाळात घरविक्री ठप्प झाली, तेव्हा मुद्रांक शुल्क कमी करण्याची मागणी पुढे आली. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० साठी ३ टक्के आणि जानेवारी ते मार्च २०२१ साठी २ टक्के कपात केली. हे शुल्क ग्राहक भरतो, त्यामुळे पैसे त्याचे वाचले.

जानेवारी २०२१ मध्ये प्रीमियममध्ये ५० टक्के सूट मिळाली. प्रीमियम म्हणजे जादा बांधकामासारख्या परवानग्यांसाठी बिल्डर भरतो ती रक्कम. इथे पैसे बिल्डरचे वाचणार होते. म्हणून सरकारने अट घातली: सूट घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरायचे.

भारतात लॉबिंगची नोंदणी सक्तीची करणारा कायदा नाही. कोणी कोणाकडे काय मागितले, हे अनेकदा कळतच नाही. त्यामुळे सवलत जाहीर झाली की दोन गोष्टी तपासाव्यात: पैसे कोणाचे वाचतात आणि बदल्यात अट कोणती?