निकाह, दूरस्थ

वधूवर निरनिराळ्या गावी, किंबहुना निरनिराळ्या देशी असता दूरध्वनी अथवा व्हिडिओ कॉलच्या द्वारे लावण्यात येणारा मुस्लिम विवाह. इस्लामी धर्मशास्त्रात निकाह हा करार असून, इजाब म्हणजे प्रस्ताव व कबूल म्हणजे स्वीकार ही दोन्ही एकाच मजलिसीत, म्हणजे बैठकीत, उच्चारली जावीत, आणि हनफी मतानुसार दोन पुरुष अथवा एक पुरुष व दोन स्त्रिया अशा साक्षीदारांनी ती स्वतःच्या कानांनी ऐकावीत, असा दंडक असल्यामुळे, दुरून येणाऱ्या आवाजास मजलिसीत हजर मानावे की नाही, हाच येथील मूळ तंटा आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९० साली दूरसंचार साधनांनी केलेले करार सामान्यतः ग्राह्य ठरविले. निकाह मात्र साक्षीदारांच्या अटीवर बोट ठेवून त्यातून वगळला.

तथापि या अडचणीतून सुटण्याचा मार्ग शास्त्रकारांनी यंत्रयुगाच्या कितीतरी आधीच काढून ठेवला होता, तो वकालतीचा, म्हणजे प्रतिनिधी नेमण्याचा. आखातात नोकरीस असलेल्या वराने फोनवरून गावातील एखाद्या विश्वासू गृहस्थास वकील नेमावे, त्या वकिलाने काझी व साक्षीदार यांच्या समक्ष वराचे व त्याच्या पित्याचे नाव घेऊन, ठरलेल्या महरच्या, म्हणजे वराने वधूस द्यावयाच्या, रकमेसह, त्याच्या वतीने ‘कबूल’ म्हणावे आणि निकाहनाम्यावर सह्या व्हाव्यात, एवढ्याने काम भागते. पडद्यावर दिसणारा नवरदेव मग निव्वळ शोभेचा उरतो. रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असल्यामुळे तेथे वधूच्या वलीचा, म्हणजे बहुधा पित्याचा, सहभागही अपरिहार्य असतो, व तोच परदेशी असल्यास त्यालाही आपला वकील नेमता येतो. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, संयुक्त अरब अमिरातीच्या न्याय मंत्रालयाने तर ऑनलाइन विवाहाची सरकारी सोयच सुरू केली.

तलाकाच्या बाबतीत प्रकार उफराटा आहे. निकाहास साक्षीदार मागणारे सुन्नी शास्त्र तलाकास ते मागत नाही, आणि म्हणूनच २००३ साली मलेशियातील एका शरीयत न्यायालयास मोबाइलवरील लघुसंदेशाने दिलेला तलाकही वैध धरता आला. शिया जाफरी मतात याच्या नेमके उलट, निकाह साक्षीदारांवाचून चालतो, पण तलाकास दोन सत्शील पुरुषांची साक्ष लागते. संदेशयंत्रांच्या युगात हीच व्यवस्था अधिक दूरदर्शी ठरली, असे म्हणणे प्राप्त आहे. भारतात तोंडी, लेखी वा इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील तत्काळ तिहेरी तलाक २०१९ च्या अधिनियमाने निरर्थक व बेकायदेशीर ठरविला असून, त्याबद्दल पतीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.