गुडघ्याच्या पट्ट्याची गोष्ट



भातलावणी, खुरपणी, डोक्यावरचे हंडे, चुलीपुढची उठबस. या सगळ्याचा हिशेब गुडघा ठेवत असतो. गटाच्या बैठकीत मांडी घालायची म्हटलं की आता कितीतरी जणी भिंतीला टेकून पाय लांब करतात. मग कुणीतरी मेडिकलमधून नाहीतर आठवडी बाजारातून नी-कॅप आणतं आणि तोच पट्टा सासू घालते, सूनही घालते. म्हणून आज आम्ही या पट्ट्याचा इतिहास सांगणार आहोत. तो ऐकला की पट्टा कसा बांधायचा हेही आपोआप कळेल.

मोडलेल्या हाडाला आणि निखळलेल्या सांध्याला आधार देण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत त्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि वेळू वापरायला सांगितलं आहे. पण खरी मोलाची गोष्ट पुढे आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही. फार आवळला तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून बंध मध्यम हवा. तो किती दिवसांनी सोडायचा हेही ठरलेलं होतं: थंडीत ७ दिवसांनी, मध्यम ऋतूत ५ आणि उन्हाळ्यात ३ दिवसांनी. म्हणजे बांधणाऱ्याने पायावर लक्ष ठेवायचं, हा नियम तेव्हापासूनचा.

पुढे शतकानुशतकं हे काम गावोगावच्या हाडवैद्यांनी केलं, आपल्याकडेही आणि परदेशातही. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात अशाच एका हाडवैद्यांच्या घराण्यात १८३४ साली ह्यू ओवेन थॉमस जन्मला. तो रीतसर डॉक्टर झाला आणि लिव्हरपूल शहरात गोरगरिबांवर उपचार करू लागला. दुखऱ्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती मिळावी म्हणून त्याने लोखंडी सळ्यांचा आणि चामड्याने मढवलेल्या कड्याचा आधार तयार केला. त्याच्या कामाच्या जागी लोहार असे, चामड्याचं काम करणारा कारागीरही असे. रोग्याचा पाय मोजायचा आणि त्या पायापुरताच आधार घडवायचा, ही त्याची रीत. पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांसाठी त्याच्या बायकोच्या भाच्याने, म्हणजे डॉ. रॉबर्ट जोन्स यांनी, हा आधार वापरात आणला आणि त्याने पुष्कळांचे प्राण वाचले.

याच कल्पनेतून चालताना घालायचं कॅलिपर आलं. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायातलं ते लोखंड आणि चामडं आपल्यातल्या अनेकींनी पाहिलं असेल. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्या मुलांच्या आयांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मूल वाढलं की कॅलिपर नव्या मापाचं करावं लागतं.

१९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात जो नॅमथ या नामवंत खेळाडूसाठी गुडघ्याचा खास पट्टा तयार झाला. त्या जातीचा पट्टाही पायाचा साचा घेऊनच बनवत.

मग हे सगळं स्वस्त आणि तयार कसं मिळू लागलं? १९३० मध्ये अमेरिकेत निओप्रीन नावाचं कृत्रिम रबर तयार झालं. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटणारी काटेरी फळं पाहून वेल्क्रोची पट्टी शोधली आणि १९५५ च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. ताणणारं कापड आणि चिकटणारी पट्टी मिळाल्यावर पट्टा डब्यात बसला. त्यावर फक्त लहान, मध्यम, मोठा एवढं लिहिलं की झालं.

मैत्रिणींनो, इथेच मेख आहे. पूर्वी बांधणारा पाय मोजायचा, आता मोजणारा मध्ये उरला नाही. त्याचं काम आपल्यालाच करायचं आहे.

म्हणून पट्टा घेताना शिंपीणबाईची टेप सोबत न्या. डब्यावर जिथलं माप सांगितलं असेल, म्हणजे गुडघ्याचं, मांडीचं किंवा पोटरीचं, तिथलंच घ्या. पट्टा परकरावरून बांधू नका, अंगालगत घाला. पुढे भोक असेल तर गुडघ्याची वाटी बरोबर त्यात बसली पाहिजे. बाजूला बिजागरी असेल तर ती गुडघा वाकतो त्या रेषेत यावी. बंदाखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. चालून, बसून पाहा. घसरला तर सैल, वळ उठला तर घट्ट.

पायाला मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळसर पडली, पोटरी सुजून दुखू लागली तर पट्टा लगेच काढा आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर पट्टा घालून झोपू नका. साखरेचा आजार असलेल्या बाईला कधी कधी पायाचं दुखणं जाणवत नाही, तिने रोज कातडी पाहावी. पट्टा धुऊन पूर्ण वाळवा. आणि एकीचा पट्टा दुसरीला नको.

पट्टा झिजलेला गुडघा बरा करत नाही, फक्त हात देतो. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम आरोग्य केंद्रात विचारून घ्या. गुडघा एकाएकी सुजला, अडकला किंवा पायावर भार घेववेना, तर बाजारात नाही, आधी डॉक्टरांकडे जायचं.

येत्या बैठकीला ज्यांच्याकडे पट्टा आहे त्यांनी तो घेऊन या. टेप आम्ही आणू. एकमेकींचे गुडघे मोजू.