कस्तुरी, व्हॅनिला आणि चौदा नियम



गेल्या पर्युषणात माझी अठ्ठाई होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी प्रतिक्रमणाला सूनबाई शेजारी येऊन बसली आणि एकदम बासुंदीचा वास आला. आटवलेलं दूध, जराशी करपलेली साखर. पाच दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर असलेल्या बाईचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तोंडाने सूत्रं चालली होती, मन स्वयंपाकघरात. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "असल्या सेंटात कस्तुरी असते, जीव मारून काढलेली. उपाश्रयात लावून येऊ नकोस." ती "बरं, आई" म्हणाली आणि बाटली कपाटात गेली. संवत्सरीला आम्ही एकमेकींना मिच्छामि दुक्कडं म्हटलं, पण माझ्या मनात आपलंच बरोबर होतं.

पारणं झाल्यावर मी वाचायला बसले. बीकॉमची सवय, खातं जुळल्याशिवाय झोप लागत नाही.

कस्तुरीचं म्हणणं एके काळी अगदी खरं होतं. हिमालयातल्या नर कस्तुरीमृगाला मारून त्याच्या पोटाजवळची ग्रंथी काढत. जवादी मांजराला पिंजऱ्यात कोंडून त्याचा स्राव खरवडून घेत. सुगंध उडून जातो, त्याला धरून ठेवायला असं काहीतरी जड लागायचं. मग 1888 साली आल्बर्ट बाऊर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ टीएनटीच्या जातीच्या स्फोटकांवर काम करत असताना त्याच्या हाती भलताच पदार्थ लागला, कस्तुरीसारखा वास येणारा. (आपल्या भद्रावतीत केसरिया पार्श्वनाथांचं तीर्थ आणि दारूगोळ्याचा कारखाना दोन्ही आहेत, त्यामुळे आपल्याला याचं फार नवल वाटू नये.) पुढे अशा बनावट कस्तुऱ्या बऱ्याच निघाल्या. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने कस्तुरीमृगाला संरक्षणही मिळालं.

गोड वासाची गोष्ट वेगळी. 1874 मध्ये टीमान आणि हारमान या दोघांनी पाइनच्या झाडातल्या रसापासून व्हॅनिलीन बनवलं. व्हॅनिलाची शेंग नको, प्राणी तर नकोच. 1889 मध्ये पॅरिसच्या गेर्लांने ते 'जिकी' या अत्तरात घातलं. पण त्याच जिकीत जवादीही होती, तेव्हा वास गोड आहे म्हणून निर्दोष असंही नाही. थेट मिठाईसारख्या सेंटांची लाट आली 1992 मध्ये, थिएरी म्यूगलेरच्या 'एंजल'पासून. त्यात एथिल माल्टॉल आहे, त्याचा वास जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखा. या जातीला 'गूरमाँ' म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये खवय्या!

एवढं कळल्यावर मी सुनेला बाटली आणायला सांगितली आणि म्हटलं, "माझं चुकलं गं. आता मनापासून मिच्छामि दुक्कडं." ती हसली आणि दोघींच्या मनगटावर एकेक फवारा मारला.

पहिली पाच मिनिटं दोघींचा वास सारखाच, संत्र्याच्या सालीसारखा, त्यात स्पिरिटचा झटका. (त्यात अल्कोहोल असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी चंदनतेलातलं अत्तर बघावं.) अर्ध्या तासाने तिच्या हाताला पाकाचा वास, माझ्या हाताला पुसटसा. संध्याकाळी तिचं मनगट पेढ्याच्या खोक्यासारखं, माझं कोरं. हलके वास आधी उडतात, व्हॅनिलीनसारखे जड मागे राहतात, आणि त्यांना धरायला कातडीवर तेलकटपणा लागतो. साठीनंतर तो कुठून आणायचा? आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर तरुण कातडीवरही वास लवकरच उडतो. दुसऱ्या दिवशी मी आधी खोबरेल चोळलं, तर दुपारपर्यंत टिकला. मात्र पांढऱ्या साडीच्या काठाला तपकिरी डाग पडला. व्हॅनिलीन हळूहळू तपकिरी होतं, तेव्हा पूजेच्या वस्त्रांपासून लांब.

हीच युक्ती आपल्या ताडोबातल्या वाघालाही माहीत आहे. तो झाडावर फवारा मारून हद्द आखतो, त्याला बासमती भातासारखा वास येतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवलं की बासमतीच्या वासाचाच रेणू त्यात असतो, आणि फवाऱ्यातली चरबी तो वास धरून ठेवते. तोच रेणू त्यांना मोहफुलांतही सापडला. चैत्रात गडचिरोलीच्या रस्त्याने पहाटे गेलात तर खिडकी उघडी ठेवा.

राहिला प्रश्न चौदा नियमांचा. वास पाकाचा असला तरी पोटात काही जात नाही, म्हणजे विगईत धरायचा नाही. आम्ही दोघी रोज सकाळी नियम धारतो, तेव्हा सूनबाई तो विलेपनात मोजते. मी लावत नाही, तिच्या हाताचा नुसता येतो, म्हणून मी कुसुमात मोजते.