तळटीप : ‘झेलेअण्णा’
१४. ‘झेलेअण्णा’ – अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील पात्र. ते रंगवणारे निळू फुले (मृत्यू २००९) मूळचे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातले. त्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि झेलेअण्णापासून बेरकी पुढारी त्यांच्या वाट्याला कायमचाच आला.

आणे गावच्या यात्रेतल्या गप्पांत लेखक एका चेअरमनला या नावाने चिडवतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा ‘सामना’ या चित्रपटातला, फुल्यांनीच रंगवलेला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील असावा. आण्याचे पठार कोरडवाहू, ऊस खाली कुकडीच्या पाण्यावर. पण साखर कारखान्याचा चेअरमन कसा बोलतो, हे पठारावरही सगळ्यांना ठाऊक. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात होता. फुले त्यात आवाज चढवत नाहीत. घोगरा, खालच्या पट्टीतला सूर आणि तिरपी नजर एवढ्यावर दरारा उभा करतात.

त्यांना केवळ खलनायक म्हणणे मात्र अन्यायाचे. रंगमंचावरचा सखाराम बाइंडर आणि ‘सिंहासन’मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस यांचे माप वेगळेच आहे. हिंदीत ‘सारांश’मध्ये (१९८४) ते पुन्हा पुढारीच झाले. गावोगावच्या बायका पडद्यावरच्या या माणसाला शिव्याशाप देत. प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीशी त्यांचे नाते अखेरपर्यंत होते. – संपा.